पाचवी फेरी

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि नीलिमाने मला निम्मंच सांगितलं. पण खरं ते खरंच.

अंबरनाथच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी लाइटही बंद. एरवी घशाला झोंबणारा केमिकलचा वाससुद्धा त्या दुपारी नव्हता. नीलिमा बदलापूरहून एकटीच ऑफिसात आली होती. एका अहवालावर सही करायची आणि पाचपर्यंत पाठवायचा, एवढंच काम.

अहवाल समुद्राचा. तळाखालच्या मातीत गारठ्याने आणि दाबाने बर्फासारखा गोठलेला गॅस असतो. तो शोधायला खोल भोकात तारेने यंत्र सोडतात. वर ओढताना ते माती मोजत येतं, आणि गॅस लागला की कागदावरच्या रेषेला फुगवटा येतो. पण एकदा मोजून भागत नाही. यंत्र पुन्हा सोडायचं, तोच भाग पुन्हा मोजायचा. दोन्ही फेऱ्यांच्या रेषा एकावर एक बसल्या, तरच सही.

बसत नव्हत्या. पहिल्या फेरीत फुगवटा तळाखाली दोनशे बारा मीटरवर, दुसरीत एकशे नव्वदवर. मातीचे थर मात्र जागच्या जागी. म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं.

दोन फेऱ्यांमधल्या चार तासांत तो बावीस मीटर... चढला होता.

तिने शौनकसाहेबांना फोन लावला.

"अगं, फुगवटा सरकव ना थोडा खाली! कोण बघतंय?"

"सर, उद्या तिथेच मोठं भोक पाडणार आहेत. जहाजावर साठ माणसं आहेत."

"हे बघ, पाचला रिपोर्ट आला नाही, तर उद्यापासून तू येऊ नकोस."

फोन कट झाला, आणि कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. इन्व्हर्टरवर चालतो तो. कागद सरकत बाहेर आला. वर छापलं होतं : तिसरी फेरी.

फेऱ्या दोनच झाल्या होत्या.

फुगवटा नव्वदवर. मग दुसरा कागद, चौथी फेरी : शून्यावर. शून्य म्हणजे समुद्राचा तळ. त्याच्या वर नुसतं पाणी... मोजायला काही नाहीच. तरी पाचवी फेरी आली. फुगवटा कागदाच्या वरच्या कडेतून बाहेर निघून गेला होता.

गोटी सोड्याची बाटली फोडावी तसं भिंतीपाशी काहीतरी फुसफुसलं. खारट, शेवाळी वास आला. समुद्र तिथून दीड तासावर. तिने कागद उचलला. गार होता... आणि ओला.

पण तिचा राग भीतीच्या वरचढ निघाला. तिने पेन काढलं.

"ऐक," भिंतीकडे न बघता ती म्हणाली. "तू कोण, मला माहीत नाही. वर यायचं तर ये... पण माझ्या सहीच्या आडून नाही."

फुसफुस थांबली.

अहवालावर तिने आडवं लिहिलं : फेऱ्या जुळत नाहीत, इथे भोक पाडू नका. खाली ठसठशीत सही. फोटो काढून साहेबांना पाठवला, आणि त्यांना न विचारता जहाजावरही.

नोकरी गेली. भोक पाडलं गेलं नाही.

आता कबुली. तुम्ही फार घाबरू नये म्हणून यात एकच गोष्ट मी पदरची घातली.

त्या ऑफिसात इन्व्हर्टर कधीच नव्हता.