माँटेनेग्रोचा घाट

“अगं बाई, आजी सरळ दरीत!”

भार्गवी हे मनातल्या मनात म्हणायला गेली आणि ते मोठ्यानेच बाहेर पडलं. चांगी बिझनेस पार्कच्या फूड कोर्टात जेवायच्या वेळी मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून ती एका अनोळखी तरुणाच्या टेबलाशी टेकली होती आणि त्याच्या लॅपटॉपवरचा डोंगरातला रस्ता चोरून बघत होती.

त्याने चमचा खाली ठेवला. “कोणाची आजी?” चक्क मराठीत!

“बसमधून उतरणारी कोणाचीही...” ती कानापर्यंत लाल झाली. “म्हणजे— बस उजव्या बाजूने चाललीय ना? मग दारही उजवीकडेच उघडणार. बसथांबा तुम्ही काढलाय डावीकडे. आणि उजवीकडे तर दरी आहे!”

तो स्क्रीनकडे बघतच राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. रस्ता होता माँटेनेग्रोतला. युरोपातला चिमुकला देश, जिकडे बघावं तिकडे डोंगर, घाट आणि बोगदे. तिथे गाड्या उजवीकडून धावतात. पण पुण्यात वाढलेल्या, सिंगापुरात रस्ते आखणाऱ्या रुचिरचा हात जन्मभर डावीकडून चाललेला; त्याने सगळे थांबे सवयीने डावीकडे मांडून ठेवले होते. आणि नकाशे संध्याकाळीच रवाना व्हायचे होते.

“तुम्ही रस्त्यांच्या इंजिनियर?”

“छे! बँकेत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार मिळतो मला.”

“मग माझी फुकटात का काढलीत?”

“आजीसाठी.”

तो हसला. हसताना त्याच्या गालावर खळी पडली... भार्गवीने तीही नीट तपासली.

मग त्या टेबलावर रोज माँटेनेग्रो यायला लागला.

“तिथे काही वळणं इतकी अरुंद आहेत,” रुचिर सांगायचा, “की समोरून ट्रक आला तर एकाला मागे जावंच लागतं.”

“कोण जातं मागे?”

“जो जास्त समजूतदार असेल तो.”

“म्हणजे तू नाहीस!”

अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एका शुक्रवारी मात्र त्याने जेवणाला हातच लावला नाही. “घाटाचं काम सुरू होतंय. कंपनी मला दोन वर्षं तिकडे पाठवतेय... जाऊ?”

‘नको’ असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण कुणाच्या भल्याच्या आड येऊ नये, असं घरी शिकवलेलं. “जा की! एवढी चांगली संधी!” ती म्हणाली, आणि वर हसलीसुद्धा. तो नुसतं “बरं” म्हणाला. नंतरच्या आठवड्यात तो टेबलावर दिसलाच नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता तिने, आणि आता दुखतंय म्हणायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात एका सकाळी, भर पावसात, ऑफिसला जाताना तानाह मेराह मेट्रो स्टेशनवर तो दिसला. सोबत ही एवढी मोठी बॅग!

दोघं एकाच गाडीत चढले. एक्स्पो तिचं स्टेशन, त्यापुढे थेट विमानतळ. एक्स्पोला दारं उघडली... आणि मिटली.

“भार्गवी, तुझं स्टेशन गेलं!”

“जाऊ दे. तू जाऊ नकोस.” तिने त्याच्या बॅगेची मूठ धरली. “त्या दिवशी ‘जा’ म्हटलं ते खोटं होतं. मला तू हवा आहेस. इथे... रोज.”

रुचिरने तिच्याकडे पाहिलं. मग ती खळी!

“अगं, मी पंधरा दिवसांसाठी चाललोय. नुसती जागा बघायला. दोन वर्षांचं मी सोमवारीच नको म्हणून सांगितलं.”

“आणि ही बॅग?”

“तिकडे थंडी मरणाची. मित्राचे जाडजूड कोट मागून घेतलेत.”

“मग सांगितलं का नाहीस, गाढवा?”

“तू इतक्या आनंदाने ‘जा’ म्हणालीस... वाटलं, सगळं माझ्याच मनात आहे. तरी पाय निघेना.”

भार्गवीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, हसूही आवरेना, आणि शेजारी बसलेल्या चिनी आजोबांनी दुसरीकडे मान वळवली. रुचिरने हळूच तिचा हात हातात घेतला.

“आई-बाबा येतायत पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली. “तोवर परत ये. भेटवायचंय तुला.”

“आणि त्यांना नाही आवडलो तर?”

“मला आवडतोस,” भार्गवी म्हणाली. विमानतळ आला, तरी तिने हात सोडला नाही.