धावपट्टीवरची राख

"उठलं! उठलं!" अनिमेष सायकलवरूनच ओरडला.

पण विमान उठलंच नाही! दोन महिने दुरुस्तीत पडून असलेलं हरिहरकाकांचं दोन सीटचं विमान मातीच्या धावपट्टीवरून धुरळा उडवत सुसाट निघालं आणि मध्यावर त्याचं पुढचं चाक एकदम खचलं. नाक आपटलं, पंखा मोडला. काका कसेबसे बाहेर आले. कपाळावर रक्त, मनगट सुजलेलं.

"शिवराम! रोलर फिरवलेलास का?"

"काल दोनदा फिरवला, साहेब."

"मग खड्डा आभाळातून पडला? उद्यापासून येऊ नकोस. खोलीही रिकामी कर!"

शिवरामकाका धावपट्टीची राखण करत आणि कडेच्या खोलीत शालनकाकूंबरोबर राहत. मानपाड्याहून सायकली हाणत येणाऱ्या अनिमेष, क्षिप्रा आणि सम्यकच्या टोळीला माठातलं गार पाणी तिथेच मिळायचं.

हरिहरकाकांना दवाखान्यात नेल्यावर क्षिप्रा म्हणाली, "चला, शोध लावू!"

"जो हुकूम, इन्स्पेक्टर मॅडम!" सम्यकने सलाम ठोकला.

"गप रे! हे बघ, रोलरच्या खुणा खड्ड्याच्या काठापर्यंत आहेत. शिवरामकाका खरं बोलतायत!"

"उंदराचं बीळ असेल," अनिमेष म्हणाला.

"एवढं? उंदीर होता की म्हैस?"

हसत हसत सम्यकने आत हात घातला. हाताला काळी राख लागली आणि पाठोपाठ अर्धवट जळका नारळ बाहेर आला.

कोणीच हसेना.

सोसायटीतले पेव्हर ब्लॉक खराब होतात, म्हणून यंदा शिवरामकाकांना गळ घालून, विमान बंदच असल्याने, होळी इथे पट्टीवरच खड्डा खणून पेटवलेली. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवायचं काम क्षिप्राचं होतं. रंग खेळायची घाई! तिने राख, काटक्या, नारळ सगळं आत लोटलं, वर दोन घमेली माती टाकली आणि पायाने थापटून पळाली.

"कोणाला कळणार नाही," अनिमेष पुटपुटला.

क्षिप्राने खोलीकडे पाहिलं. शालनकाकू चादरीत भांडी बांधत होत्या.

संध्याकाळी हरिहरकाका हाताला प्लास्टर घालून परतले. क्षिप्राने नारळ त्यांच्यासमोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"पण काका," सम्यक म्हणाला, "उडण्याआधी पट्टी चालून बघायची, हे तुम्हीच शिकवलेलं. आज रोलरच्या खुणांवर तुमच्या बुटांचा एकही ठसा नव्हता."

काकांनी मान हलवली. "खरंय. उडायच्या उतावळेपणात राहिलं. शिवराम, माफ कर. कुठेही जायचं नाही. आणि क्षिप्रा, हे सांगायला हिंमत लागते. शाब्बास!"

सगळ्या सुट्टीत हा शब्द ऐकायला ती धडपडत होती. आता मात्र तिला मान वर करवेना.

बाहेर शिवरामकाका हळूच म्हणाले, "राख मला खड्ड्यातून चाक काढतानाच दिसलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला परत इथे येऊ दिलं असतं का कोणी?"

क्षिप्राने खड्ड्यातली राख शेवटच्या मुठीपर्यंत उपसली. मुरूम भरला. माती ठोकायची जड धुमस दोन्ही हातांनी उचलली आणि आपटली. पुन्हा. पुन्हा.

"पुरे गं, बस झालं," शिवरामकाका म्हणाले.

"नाही काका, अजून थोडं," ती म्हणाली. तिच्या गालांवर राखेतून दोन ओल्या रेघा उतरत होत्या.