पेटीतला लाकडी तुकडा

"दगड गेला, अक्का! सोनं दिसणारा दगड गेला!" देवाप्पांनी दारातच हंबरडा फोडला.

संयोगिताबाईंनी शांतपणे चपला काढल्या. मागून त्यांचा भाचा राजस. मावशीच्या तपासाला तो हौसेनं येई, कारण तिची अशिलं जेवायला वाढत.

इंदिरानगरातल्या या घराच्या तळमजल्यावर देवाप्पांची छोटी कंपनी होती. उत्तर कर्नाटकातल्या माळावर खोल भोकं पाडून सोनं शोधायची. भोकातून निघालेले दगडाचे गोल दांडे लांबट पेटीत ओळीनं मांडले होते. त्यातला एकच चमकणारा, नेमका तोच नाहीसा झाला होता. आणि संध्याकाळी गुंतवणूकदार यायचे होते.

"मुग्धाचंच काम," भागीदार योगीराज म्हणाला. "दगड दाखवू नका म्हणून कालच भांडली. जेवणानंतर मी पोलिसांना बोलावतोय."

नागपूरच्या मुग्धाचे डोळे रडून लाल झाले होते. कंपनीची भूवैज्ञानिक ती. "सोन्याचा साठा सिद्ध झालेला नाही, हे आधी स्पष्ट सांगायचं असा नियम आहे. एकच चांगला दगड नाचवून 'खाण' म्हणणं ही फसवणूक झाली. म्हणून भांडले. पण मी चोर नाही हो!"

रिकाम्या जागी लाकडाचा गोल तुकडा बसवला होता.

"हा कशाला?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"दांडा काढला की ठोकळा ठेवतात, नाहीतर बाकीचे सरकतात. त्यावर दांडा किती खोलीवरचा तेही लिहितात," मुग्धा म्हणाली. तुकडा कोराच होता.

"मला नाही बुवा माहीत ही भानगड," योगीराज म्हणाला.

"मावशी, ओपन अँड शट केस!" राजस कुजबुजला. "ठोकळा ठेवला म्हणजे मुग्धाच."

मावशीनं तुकडा नुसता नाकाशी धरला.

तेवढ्यात देवाप्पांच्या पत्नीनं, महानंदाबाईंनी पानं वाढली. माळावरच्या तंबूत नवऱ्याबरोबर अर्धा संसार केलेली बाई, पण आज मुग्धाच्या पानात दोनदा मीठ वाढून गेली.

"चपात्या केवढ्या पातळ आज!" देवाप्पा एवढ्या दुःखातही खूश झाले. "स्वल्प अजून वाढ."

जेवणं झाली. योगीराजनं फोन उचलला.

"ठेवा तो," संयोगिताबाई म्हणाल्या. "चोराला जागा भरायची पद्धत ठाऊक होती, म्हणजे योगीराज नव्हेत. खोली लिहिली नाही, म्हणजे मुग्धा नव्हे, तिचा हात लिहिल्याशिवाय राहिला नसता. आणि जागा राखली, म्हणजे दगड परत ठेवायचाच होता. तुकड्याला कणकेचा वास येतोय. वहिनी, लाटणं कापलंत, मग इतक्या पातळ चपात्या लाटल्यात कशानं?"

महानंदाबाईंनी परातीतलं फडकं उचललं. खाली पिठानं माखलेला दांडा, मधूनच पिवळा चमकणारा.

"धुऊन घेतला होता हो," त्या रडू लागल्या. "तो हातात आला की यांच्या तोंडून 'खाण' निघतंच. येणारी माणसं आमच्याच गावची, यांच्या शब्दावर पेन्शन लावतील. उद्या ठेवणारच होते. पोरीवर आळ येईल असं वाटलं नव्हतं. आत्ता बोलणारच होते, पण जीभ उचलेना."

देवाप्पा उठले. आधी मुग्धासमोर हात जोडले. मग दगड पुसून स्वतः पेटीत ठेवला.

संध्याकाळी त्यांनी गावकऱ्यांपुढे अख्खी पेटी मांडली, सोनं नसलेल्या दगडांसकट. "खाण नाही, शोध आहे. साठा सिद्ध झालेला नाही," ते म्हणाले. "मिळेलच असं नाही. घरी विचार करा, मग या."

खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. योगीराजनं कपाळाला हात लावला. देवाप्पा मात्र लाटण्याचा तुकडा हातात घेऊन स्वयंपाकघराकडे बघत बसले.

"माझा सिद्ध झालेला साठा आत आहे, अक्का," ते म्हणाले. "तीस वर्षं नुसता माळ खणत बसलो."