पितळेच्या दोन पिना

"भाऊ, जरा बारीक काम व्हतं..." असं म्हणत तो आत आला आणि मी वळून बघताच जागच्या जागी थांबला.

अंगात वडिलांचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल... लेथवर वाकले की मागून मी कुणालाही भाऊच वाटते.

"भाऊ न्हाई. बहिणीनं केलं तर चालंल?"

"बहीण नको," तो चटकन बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हंजे... काम तुमीच करा."

भाद्रपद संपत आला होता. नारायणगावाला लागूनच असलेल्या वारूळवाडीत आमचं लेथचं दुकान, विहिरीच्या पंपांची कामं करणारं. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, डोळे बारीक कामाला चालेनासे झाल्यापासून लेथ मीच चालवते. आलेल्याचं नाव सुनील, गाव तळेघर. नारायणगावात रखमाजींच्या तमाशा पार्टीत तो गिटार वाजवायला लागला होता, पण अजून कच्चाच. दसऱ्याला पार्टी बाहेर पडायची, त्याआधी रखमाजी पक्कं करणार होते.

"ही दांडी दाबली की सूर खाली लवतो," त्यानं गिटार समोर धरली. "सोडली की जागेवर याया पायजे. येत न्हाई."

मी भिंग लावलं. तारा जिथे अडकतात ती पट्टी दोन पिनांवर फक्त धारेनं टेकलेली होती. धार बोथट, पिनांना खाचा. दांडी सोडली की पट्टी दर वेळी वेगळीकडेच बसायची, मग सूर बिचारा काय करणार?

धार मी दगडावर लावून दिली आणि पिना पितळेच्या कातल्या. पंपात आम्ही हेच करतो. शाफ्ट कडक आणि तो ज्यात फिरतो ती नळी, म्हणजे बूश, मऊ. झिजायचं ते बुशानं झिजावं.

त्यानंतर तो येतच राहिला. एकदा स्प्रिंग ढिली झाली म्हणून, एकदा तारा तुटतात म्हणून. तिसऱ्यांदा गिटार दाखवायला आला आणि गिटारच आणली नव्हती.

"मग दाखवणार काय?" मी विचारलं.

"आता आलोच हाय, तर... मीच दिसंन."

मी खूप हसले. त्या दिवशी एक शाफ्ट चुकीचा कातला, हे आप्पांना सांगितलं नाही.

खंडेनवमीला सकाळीच आप्पांनी लेथ पुसला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत आमच्याकडे हत्याराला हात लावत नाहीत. साध्या कानशीलासुद्धा नाही.

दुपारी तीन वाजता सुनील धावत आला. ना हसू, ना थट्टा. त्यानं गिटार टेबलावर ठेवली.

"रखमाजींम्होरं सूर उतरला. दोनदा. पाच वाजता शेवटचं ऐकनार हायत. जुन्नरचा एक जण तयार बसलाय. मला न्हाई जमलं, तर उद्या त्यो जाईल."

मी भिंगातून पाहिलं. सगळ्या तारांचा ओढा त्या धारेवर; आणि धार मऊ पितळेत रुतून बसली होती. पंपाचा न्याय मी गिटारला लावला होता. चूक सरळ सरळ माझी.

"रखमाजी म्हनाले, लेथवालीला तुला सोडायचंच न्हाई."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तुमीच सांगा."

मी उगाच पुन्हा भिंगात डोकं घातलं. कारण ती खाच दिसली तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं... हा आता जाणार नाही म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटली. भातखाचरात राबून, बस नसेल तेव्हा डोंगर पायी तुडवून हा माणूस इथवर आला होता.

"पितळ चुकून लावलं," मी म्हटलं. "पण तुमी अडकलात, याचा घडीभर आनंद झाला. खोटं न्हाई बोलणार."

त्यानं गिटार माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाला, "आता?"

"आता पोलादाच्या करते."

"अश्विनी," दारातून आप्पांचा आवाज आला. "हत्यार पुजलंय. आजवर या दिवशी मशीन चाललं न्हाई. कुणासाठी चालवतीस?"

चूक निस्तरायला, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं ते.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. माळ काढून फळीवर ठेवली, हात जोडले आणि बटण दाबलं.

आप्पा ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले.

पहिली पिन आटे पाडताना मोडली. चार वाजले. दुसऱ्या सळईला सुनीलनं बॅटरी धरली. कडक व्हाव्यात म्हणून दोन्ही पिना तापवून लाल केल्या आणि तेलात बुडवल्या, धूर डोळ्यांत गेला, दोघांच्याही. पिना बसवल्या, तारा चढवल्या. त्यानं दांडी दाबली... सोडली. पुन्हा. दहा वेळा.

"जाग्यावर येतोय," तो म्हणाला.

"मग निघा."

तो उठेना. "आठ महिने येनं व्हनार न्हाई. तुमी थांब म्हनला, तर थांबतो."

म्हणावंसं फार वाटलं. "न्हाई म्हणणार. जत्रा संपल्या की वैशाखात या आणि आप्पांना विचारा."

"काय इचारू?"

"ते पण मीच सांगू?"

"वैशाख कशाला?" ओट्यावरून आवाज आला. "मी हितंच बसलोय. इचारायचं ते इचार अन् पळ."

सुनील बाहेर गेला, आप्पांच्या पाया पडला. "मामा, मी परत येनार हाय. तवर हिच्यासाठी दुसरीकडं बघू नका."

"मी बघून ती ऐकनार हाय व्हय? जा."

सव्वापाचला नारायणगावच्या तालमीचा कर्णा वाजायला लागला. ओट्यावर आम्ही बापलेक कान देऊन बसलो. गिटारचा सूर खाली लवला आणि वर आला. दुसऱ्यांदा लवला, वर आला. तिसऱ्यांदा इतका खोल गेला, की मी आप्पांचा हात धरला. तोही आला... अगदी जागेवर. मग कर्ण्यावर टाळ्या ऐकू आल्या.

मला रडू फुटलं.

"घेतला की त्याला," आप्पा म्हणाले. "मग रडतीस कशाला?"

"घेतला म्हणूनच," मी म्हटलं.