हनुवटीवरचे तीन ठिपके

पोरांनो, डोळे मिटा आणि माझ्यासोबत बघा. लातूरमधली कोचिंग क्लासची तीन मजली इमारत. सुट्टी झाली की शे-दोनशे मुलं धबाधबा जिना उतरतात. त्या जिन्याखाली एक इवलासा फोटो स्टुडिओ आहे. बाहेर भुरभुर पाऊस, आणि दारात ओढणीखाली कॅमेरा लपवून उभ्या राहिलेल्या बाई... बाई कसल्या, चोवीस वर्षांची सिंधू! वर जीवशास्त्र शिकवायची आणि रविवारी हौसेनं फोटो काढायची.

“एक विचारू?” ती म्हणाली. “फोटो नीट करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? माझ्या फुकटच्या ट्रायलचे तीनच दिवस उरलेत.”

कॉम्प्युटरवर वाकलेला स्टुडिओवाला सिद्धेश्वर मान वर न करता, नुसत्या तिरक्या नजरेनं बघत म्हणाला, “आत या मॅडम. कॅमेरा भिजायलाय.”

“आणि मी?”

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली... आणि परत खाली घ्यायचं विसरूनच गेला.

त्यानं तीन सॉफ्टवेअर दाखवली. एक बटण दाबलं की सगळं आपोआप करणारं. दुसरं नावाजलेलं, पण महिन्याच्या भाड्याचं. तिसरं फुकट, मात्र शिकायला वेळखाऊ.

“तुम्ही कोणतं वापरता?”

“पहिलं. प्रवेशाच्या दिवसांत रोज शंभर पोरांच्या पुटकुळ्या काढतो मी. तिसरं शिकलोय, पण त्याला वेळ कुणाकडं हाय?”

सिंधू दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही दिवशी आली. येतच राहिली.

“मॅडम, ट्रायलचे तीनच दिवस उरले होते ना? आज सातवा दिवस हाय.”

“ट्रायल संपली. शंका कुठं संपल्यात?”

सिद्धेश्वरनं हसू लपवायला उगाच लेन्स पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

मग एके दिवशी सिंधूनं कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं. “ही माझी आई, केवळाबाई. आजवर कधी कॅमेऱ्यापुढं बसली नव्हती. हा एकच फोटो आहे. चेहरा सावलीत गेलाय, थोडा उजेड आणा. बस.”

सिद्धेश्वरला तिला खूश करायचं होतं. त्यानं उजेड आणला. आणि रोजच्या सवयीनं बोट दुसऱ्या बटणावरही गेलं... ‘डाग काढा’.

संध्याकाळी सिंधूनं फोटो पाहिला. चेहरा लखलखीत, गुळगुळीत. तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

“हनुवटीवरचे ठिपके कुठं गेले?”

“ते डाग...”

“गोंदण होतं ते!” सिंधू म्हणाली. “भूकंपाच्या पहाटे मला ढिगाऱ्यातून काढलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. सगळ्या बाया मातीनं माखलेल्या, सगळे चेहरे सारखेच. आई कोणती तेच कळेना. एकीनं पदरानं हनुवटी पुसली. तीन ठिपके दिसले, आणि मी धावत सुटले... मूळ फोटो कुठाय?”

सिद्धेश्वर खालच्या मानेनं म्हणाला, “त्याच्यावरच सेव्ह झालंय.”

सिंधूनं कार्ड उचललं आणि निघून गेली. त्यानंतर आठ दिवस ती जिना उतरली की स्टुडिओकडं न बघता सरळ रस्त्याला लागायची.

रविवारी ती गावी होती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, सारखी घरं. भावाची सहा वर्षांची साक्षी अंगणात चित्रं रंगवत होती. एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. क्लासमध्ये पत्ता विचारून आलेला, चिखलानं माखलेला सिद्धेश्वर उतरला, तो सिंधूकडं न बघता थेट केवळाबाईपाशी गेला.

“मावशी, मी तुमचं गोंदण पुसलं. चूक माझी हाय. परत एकदा बसता का फोटोला?”

केवळाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “भूकंपाला न्हाई पुसता आलं, अन् तू पुसलंस व्हय रे?” त्या खळखळून हसल्या. “बसते. पर फोटो माझी लेक काढंल. तू नुसता उजेड धर.”

मग सिद्धेश्वरनं दोरीवरची पांढरी चादर काढली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली. तिच्यावरून परतलेलं ऊन केवळाबाईंच्या चेहऱ्यावर मऊ पसरलं. हनुवटीवरचे हिरवे ठिपके उजळून निघाले. सिंधूनं फोटो काढला. कॉम्प्युटरवर एकही बटण दाबायची गरज उरली नाही.

“सांगा आता,” कॅमेरा खाली घेत ती म्हणाली, “कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?”

“तिसरं. आकृतीवर बटर पेपर ठेवून काढावं ना, तसं हाय ते. वर काय पण करा, खालचं मूळ तसंच राहतं. मी बी आता तेच वापरायलोय.”

“शिकायला किती दिवस लागतील?”

“मी शिकवलं तर...” चादरीआडून आवाज आला, “लई वर्षं लागतील.”

सिंधूच्या गालावर ऊन चढलं. “मग... सावकाशच शिकवा.”

“मला ऐकू येतंय बरं का सगळं!” केवळाबाई म्हणाल्या.

साक्षीनं आजीकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. “आजी, हे आता आपले झाले का?”

“झाले म्हण की.”

“मग हे हरवले तर कसे सापडतील?”

साक्षीनंच आजीची हनुवटी न्याहाळली, हिरवा स्केचपेन उचलला, सिद्धेश्वरला खाली बसायला लावलं आणि जीभ दातांत धरून त्याच्या हनुवटीवर टेकवले... एक, दोन, तीन.