शेजारच्या माळ्यावरचं कणीस

मार्च लागेपर्यंत ओब्दुलियाच्या माळ्यावरचा निम्मा मका उंदरांनी फस्त केला होता. कणसं वरून शाबूत दिसत. पाला सोलला की आत नुसती बुरकुंडं आणि काळ्या लेंड्या. नवरा, सेवेरो, उत्तरेला टोमॅटोच्या तोडणीवर गेलेला. पुढचं पीक सहा महिन्यांवर, आणि घरात खाणाऱ्या दोघी, ती आणि सात वर्षांची लेक निल्दा.

हुआस्तेकाच्या त्या डोंगरात यंदा घरोघर हीच रड होती. फक्त शेजारच्या म्हाताऱ्या एराक्लिओचा एक दाणाही कुरतडलेला नव्हता.

"काय टाकता हो काका?" तिने कुंपणापलीकडून विचारलं.

"काही नाही."

"मग तुमचे उंदीरसुद्धा माझ्याकडेच जेवायला येतात म्हणायचे."

म्हातारा हसला नाही. "येत असतील," म्हणाला आणि आत गेला.

हा काहीतरी लपवतोय, याची तिला खात्री पटली. रविवारी तो चर्चला गेल्यावर ती शिडी लावून त्याच्या माळ्यावर चढली. विषाचा वास नव्हता, सापळा नव्हता. गेल्या वर्षीची, त्याच्याही आधीची कणसं रचून ठेवलेली, पिवळीधमक. लेंडी नाही, किडा नाही. कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. तिने एक कणीस शालीत गुंडाळून आणलं आणि आपल्या ढिगात खुपसलं.

तिसऱ्या दिवशी उंदीर गेले. भर दुपारी, आईमागून पिल्लं, भिंतीच्या कडेने, घाई न करता.

कित्येक आठवड्यांनी तिने निवांतपणे मका दळला. पण दारात टाकलेले दाणे कोंबड्यांनी टिपले नाहीत. कुत्र्याने निल्दाच्या हातातली मक्याची टॉर्टिया हुंगली आणि तो शेपूट पोटात घालून मागे सरकला. ओब्दुलिया माळ्यावर जाऊन ते कणीस शोधू लागली. सगळीच कणसं तशीच पिवळीधमक दिसत होती.

ती तडक शेजारी गेली.

"काका, त्या मक्याला काय केलंय तुम्ही?"

"माळ्यावर चढली होतीस ना?"

तिची नजर आपल्या शालीकडे गेली.

"मका खाल्लात?"

"नाही तर काय खाणार? दुसरं आहे काय घरात?"

"मीही तेच म्हणालो होतो," म्हातारा म्हणाला आणि त्याने दार लोटून घेतलं.

जूनमध्ये सेवेरो परतला. तिन्हीसांजेला तिघं अंगणात बसली. डासांचा थवा त्याच्याभोवती घोंघावत होता. तो सारखा मानेवर, दंडावर चापट्या मारत होता.

"तुम्हाला बरे चावत नाहीत?"

"आम्हाला कधीच नाही चावत, बाबा," निल्दा ऐटीत म्हणाली. तिचे हात खांद्यापर्यंत उघडे होते.

ओब्दुलिया तव्याजवळ उठून गेली. तिथे जरा वेळ उभी राहिली. मग तिने त्याचं ताट वाढलं.

सेवेरो भुकेला होता. दुसरी टॉर्टिया संपेपर्यंत त्याच्या चापट्या थांबल्या होत्या.