कॅरिअर कोणी धरलं होतं?

हे नुसतं ऐकीव नाही. ज्या दिवशी घडलं त्या संध्याकाळी मी वासंतीमावशीच्या घरीच होतो. पांढरीफटक पडलेली मावशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. दिवाळी नुकतीच उलटलेली. जागा, दापोलीहून मुरुडकडे जाताना लागणारा एक सडा... जांभ्या दगडाचं उघडं पठार.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

मावशी दापोलीत शिक्षिका. शाळेतल्या बायकांनी सायकलवरून मुरुडला आणि पुढे आंजर्ल्याच्या गणपतीला जायचं ठरवलं होतं. निम्म्याजणी नवशिक्या. त्यामुळे रस्ता निवडायचं काम मावशीच्या गळ्यात पडलं. गाड्यांची वर्दळ नको, दमवणारा चढ नको, वर समुद्रही दिसायला हवा.

रस्ता काही जमेना.

डांबरी सडकेवर एसटी अंगावर यायची. बागांमधली वाट नुसती वळणांची. तिसरी पावसात वाहून गेलेली. रोज शाळा सुटली की मावशी हिंडायची आणि चिडून घरी यायची.

उरला तो सडा. सपाट, शांत, टोकाला समुद्र. पण विचारावं तो मान हलवायचा. सड्याच्या पायथ्याशी राहणारा भागोजी तर त्या सुट्टीच्या दुपारी वाटेत आडवाच उभा राहिला.

"बाय, सड्यावरनं नको जाव."

मावशीने कारण विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मावशीचं डोकं फिरलं. नको म्हणायला सगळे पुढे, का ते सांगायला कुणी नाही. ती त्याला वळसा घालून निघाली.

बरोबर तिची नणंद होती, हेमा. तिला गावोगाव फिरायची नोकरी लागली होती. सायकल चालवता आली नाही तर ती हातची जाणार होती. महिनाभर मावशी कॅरिअर धरून तिच्या मागे धावत होती. हात सोडला, की हेमा आडवी. म्हणूनच मावशीने तिला सड्यावर आणलं होतं. इथे हेमाला जमलं, तर सहलीतल्या कुठल्याही नवशिकीला जमेल.

दोघी सायकली ढकलत सड्यावर थोडं आत गेल्या आणि मावशीच्या सायकलची चेन उतरली.

हेमाला थांबायला सांगून ती खाली बसली. चेन बसायची, पेडल फिरवलं की निसटायची. बोटं ग्रीसने काळी झाली. मावशी स्वतःशीच करवादत होती.

मग तिच्या लक्षात आलं...

टिटवी मघापासून ओरडत होती. ती गप्प झाली होती.

वारा पडला होता. वाळल्या गवताचं पातंही हलत नव्हतं.

आणि लांबून हेमाचा आवाज आला.

"वहिनी, सोडू नकोस हं."

मावशीने मान वर केली.

हेमा बरीच पुढे गेली होती. सायकलवर बसून. पाठ ताठ, हँडल सरळ.

तिच्या मागे... कोणीच नव्हतं.

मावशी सांगते, पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. राग आला. महिनाभर मी ऊर फुटेस्तोवर धावले, तेव्हा ही पडत होती. आणि आता?

मग तिला उतार दिसला.

सडा तिथे संपत होता. पुढे तीव्र उतार, उतारावर वळण, आणि वळणापलीकडे कडा. हेमा थेट तिकडेच चालली होती.

मावशी सायकल टाकून धावत सुटली. मागे कोणी नाही, असं ओरडावं तर हेमा वळून बघणार. बघितलं की पडणार. तिने ठरवलं, खोटंच सांगायचं. मीच धरलंय म्हणायचं.

तिने श्वास घेतला...

त्याआधीच कोणीतरी बोललं.

"धरलंय गं. तू पुढे बघ."

आवाज हेमाच्या अगदी पाठीमागून आला होता.

आवाज मावशीचा होता.

मावशीचं तोंड बंद होतं.

ती धावायची थांबली. हेमाची सायकल उतारावर कलली.

"ब्रेक हळूहळू दाब."

पुन्हा तोच आवाज. शांत. मावशी शिकवताना इतकी शांत कधीच नसायची.

वळणाच्या अलीकडे हेमा थांबली. एक पाय टेकला आणि वळून बघितलं. घामाने डबडबलेली, आनंदाने फुललेली. मावशी कशीबशी तिच्यापर्यंत पोचली.

"एवढ्यात मागे कशी गेलीस?" हेमाने विचारलं. "तूच तर म्हणालीस, बस, मी धरते."



"आत्ताच सोडलं," मावशी म्हणाली.

बोलता बोलता तिची नजर हेमाच्या कॅरिअरवर गेली. निघताना तिने ते स्वतः पुसलं होतं.

त्यावर ग्रीसची काळी बोटं उमटली होती.

सहल शेवटी डांबरी सडकेनेच गेली. एसटीची धूळ खात सगळ्या कुरकुरत होत्या, सर्वांत जास्त हेमा. तिला सडाच हवा होता. मावशी हट्टाला पेटली, एवढंच सगळ्यांना वाटलं.

हेमा नोकरीवर रुजू झाली. पुढे कित्येक वर्षं तिने त्या भागातली गावं सायकलवरून पालथी घातली. एकदाही पडली नाही.

पण मावशीने एक पाहिलं आहे. सायकल थांबवली, की हेमा पाय टेकते, किंचित मागे वळते आणि हळूच म्हणते,

"सोड आता."

आपण असं म्हणतो, हे हेमाला ठाऊकही नाही. मावशीने तिला कधी विचारलेलं नाही.

हेमा सायकल घेऊन अंगणात आली, की मावशी अजूनही आत निघून जाते.